लेकी-सुनांच्या फेरातलं अणुकेंद्र

कोकणात जाऊन काय पाहिलंस, असं नागपुरात जो तो मला विचारतो. समुद्र पाहिला का, किल्ला पाहिला का, मासे खाल्ले का. मासे खाल्ले. पण पाहिलं ते अणुकेंद्र, गरगर फिरताना, नऊवारी नेसलेलं. असं सांगितलं की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो आणि माझ्या जाऊबाई कपाळाला हात लावतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

माझं सगळं आयुष्य अणुकेंद्रांतून निघणारे गॅमा किरण मोजण्यात गेलं. निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. कोणी विचारो न विचारो, मी अणुकेंद्राबद्दल बोलते. नलिनी ही माझ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काम करून गेलेली मुलगी. पेणजवळच्या खाडीकाठची, लग्न होऊन रोह्याला आलेली आणि तिथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. गणपतीच्या आधी तिचा फोन आला. आवाज पडलेला. फिजिक्सचा वर्ग बंद होणार होता. मुलं सातच आली होती, पंधरा तरी हवीत असा नियम. प्राचार्य भला माणूस, त्यांनी मुदत ओढून ओढून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत आणली. सुट्टीनंतर कॉलेज उघडेल तो शेवटचा दिवस.

नलिनीचं म्हणणं, मी यावं आणि दोन व्याख्यानं द्यावीत. एक पेणला, कारण निम्मी मुलं तिकडून येतात, आणि दुसरं शेवटच्या दिवशी रोह्याला. आईबापांना एकदा कळू दे की हा विषय आहे तरी काय. मी हो म्हणून फोन ठेवला आणि मग आठवलं, त्याच दिवसांत आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण आणि कडक सोवळं. सगळं जाऊबाईंच्या गळ्यात घालून मी गाडीत बसले. मी निघताना त्या एवढंच म्हणाल्या, की देवी रागावली तर तुमच्या अणूला सांगा समजूत काढायला.

पेण

चतुर्थी उलटली की पेण कसं रिकामं वाटतं. महिनोन्‌महिने ज्या गावात पाय ठेवायला जागा नसते इतके गणपती, ते सगळे देशभर पोचलेले. गल्लोगल्लीचे कारखाने धुऊन पुसून मोकळे. माझं व्याख्यान अशाच एका कारखान्यात ठेवलं होतं. रंगाचा वास अजून होता, भिंतीशी साचे रचलेले, आणि फळीवर एकच मूर्ती उरलेली. गिऱ्हाईक आलंच नाही, असं मालकांनी सांगितलं. म्हणून तिची पूजा त्यांनी तिथेच मांडली होती.

आधी पोहे आले. आम्ही नागपूरकर पोह्यांवर लालभडक तर्री ओतून घाम पुसत खाणारे. इथे पातळ पोहे, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, कशी सोज्वळ, शहाणी बशी. मी मिरची मागितली तर मालकीणबाईंनी एक हिरवी मिरची आणून दिली आणि मी ती चावताना सगळे कौतुकाने बघत राहिले. तेवढंच काय ते कौतुक त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं.

व्याख्यान मी झकास सुरू केलं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, वजनाने जवळपास सारखे, एकावर विद्युतभार, दुसऱ्यावर नाही. दोघांच्या वेगवेगळ्या पंगती. पंगत पूर्ण भरली की अणुकेंद्र गोल आणि ताठर होतं. कथिलाचं बघा, पन्नास प्रोटॉनांची पंगत गच्च भरलेली. त्यात न्यूट्रॉन घालत जा, एक घाला, दहा घाला, ते आपलं गोलच राहतं, फार तर जागच्या जागी थरथरतं. पण पंगतीबाहेर काही प्रोटॉन आणि काही न्यूट्रॉन, दोघंही असले, की अणुकेंद्र लांबुळकं होतं आणि सगळं मिळून फिरायला लागतं. मग कोणी एकटा राहत नाही. शेदीडशे कणांची एकच चाल होते.

गोल वस्तू फिरली काय, न फिरली काय, सारखीच दिसते, लांबट वस्तू फिरली की कळतं, हे दाखवायला मी पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं आणि टेबलावर गरकन फिरवलं.

अंडं. गणपतीसमोर.

सभेत कुजबुज झाली. ती ऐकून मी गोंधळले, हात लागला आणि अंडं घरंगळत थेट फळीखाली, बाप्पाच्या पायाशी गेलं. कारखान्याचे मालक शांतपणे उठले, अंडं उचलून रुमालात गुंडाळलं आणि बाहेर नेऊन ठेवलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे तर मी अधिकच शरमले. पुढे मी काय बोलले ते मलाही ऐकू आलं नाही. शेवटी एका वडिलांनी विचारलं, की बाई, हे सगळं ठीक, पण ह्याच्यावर कंपनीत शिफ्ट लागते काय. सगळे हसले, मीही हसले, पण आतून चरफडले.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. बारावी झालेली, सडपातळ, ओढणी घट्ट बांधलेली. ही नलिनीची भाची प्रज्ञा, हे मला नंतर कळलं. तिने विचारलं, "मॅडम, दोघं सारखेच हायत, तं मग फिराला दोघं कशाला लागतात? एकाच जातीचे असले तं काय बिघडतं?"

याहून नेमका प्रश्न मला मोठमोठ्या परिषदांत कोणी विचारला नव्हता. आणि माझं उत्तर काय, तर प्रोटॉन-न्यूट्रॉनमधली ओढ जास्त परिणामकारक असते, वगैरे वगैरे. ती मान हलवून बसली. तिला कळलं नाही हे तिलाही कळलं आणि मलाही. नाव घालायला एकही नवं मूल पुढे आलं नाही. मी नलिनीला म्हटलं, मला परतीच्या गाडीत बसव. ती म्हणाली, आधी माहेरी चला, आज गौर जेवणार आहे.

खारावर

पेणहून डोलवीकडे निघालं की आधी पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात आणि मग एकदम सगळं सपाट होतं. एका बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध, दुसऱ्या बाजूला खारातली, म्हणजे खाडीपासून बांधाने राखलेल्या जमिनीतली, भातशेती. मिठागरं पावसाळ्यात पाण्याखाली निजलेली. बांधाच्या अलीकडे पन्नासेक घरांचं गाव, आणि प्रत्येक दारात तेरडा फुललेला. इथली गौर म्हणजे त्याच तेरड्याची डहाळी, साडी-दागिने घालून सजवलेली. आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळेचे, पिढीजात, त्यांना हात लावायला तीनदा आंघोळ. इथे पोरी शेतातून गौर तोडून आणतात आणि हसतखिदळत घरात घेतात.

पण खरा धक्का ताटात बसला. या गौरीला चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, नैवेद्य. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं लालजर्द कालवण, कोलंबी आणि भात. मला सोळा भाज्या आठवल्या, जाऊबाई आठवल्या, आणि मी नांगी फोडली. माहेरवाशीण घरी आली की तिला आवडीचं खायला घालायचं की नाही, असं नलिनीच्या वहिनी म्हणाल्या. त्यांचं नाव हिरा. बोलणं मोजकं, नजर तेज आणि गळा असा की आख्खं गाव त्यांच्यामागे गायचं. त्यांना पेणच्या अंड्याची बातमी आमच्याआधी पोचली होती. माझ्या ताटात आणखी एक चिंबोरी वाढत त्या म्हणाल्या, "खा मॅडमबाय. ही टेबलावरनं नाय पळत."

प्रज्ञा ही त्यांचीच मुलगी. तिच्या वडिलांनी, म्हणजे नलिनीच्या भावाने, तिच्यासाठी कंपनीत कंत्राटी काम बघून ठेवलं होतं. नलिनीने एकदा भावाकडे पाहिलं आणि ताटाकडे पाहत राहिली.

दिवेलागणीला अंगणात फेर सुरू झाला. ह्या गावची रीत मला तिथेच कळली. फेरात दोन पक्ष. लेकी म्हणजे माहेरी आलेल्या, आणि सुना म्हणजे ह्या घरांत नांदणाऱ्या. लेकीने गाण्याची ओळ टाकायची, सुनेने झेलायची. लेकीचं पाऊल पुढे, सुनेचं मागे. सुना अजून चुलीशी होत्या, म्हणून आधी नुसत्या लेकी उभ्या राहिल्या. हात हातात, गाणं सुरू, पण फेर काही पुढे सरकेना. सगळ्या आपल्या जागेवर डोलत होत्या. नलिनीने मला ओढून आपल्या शेजारी उभं केलं आणि मी तिच्याकडे बघून पाऊल पुढे टाकू लागले.

सुना पदर खोचत आल्या, एकीआड एक लेकींमध्ये शिरल्या, आणि काय सांगू, फेराने जी गती घेतली. एक पुढे, एक मागे, हाताला हाताची ओढ, आणि ते गोल रिंगण बघता बघता लांबलं. तुळशीपासून गोठ्यापर्यंत लांबुळकं झालं आणि सगळं मिळून फिरायला लागलं. अर्धा वेढाही झाला नसेल, तोच माझ्यापाशी येऊन ते अडकलं. माझ्या आणि नलिनीच्या मध्ये सून शिरलीच नव्हती, दोघीही पाऊल पुढे टाकणाऱ्या. एकमेकींवर आदळलो, मागच्या आमच्यावर आदळल्या.

हिरावहिनींनी गाणं थांबवलं. "दोन लेकी लगोलग नाय चालत गो. फेर अडतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन मॅडमबाय, तुमी ना लेक, ना सून. तुमी ओट्यावर बसा."

मी ओट्यावर बसले. अपमान वगैरे काही वाटला नाही, कारण तोवर माझं डोकं भिरभिरायला लागलं होतं. नुसत्या लेकी होत्या तेव्हा डोलणं. दोघी मिसळल्या तेव्हा लांबणं आणि फिरणं. मी पन्नास वेळा फळ्यावर काढलेलं चित्र समोर अंगणात नाचत होतं. त्यातलं मर्म लेक-सुनेच्या त्या हातातल्या ओढीत होतं. मी उभी राहिले आणि टाळ्या पिटून हसायला लागले. चिंबोरी बाधली की काय, असं एका म्हातारीने विचारलंसुद्धा.

मी विनवण्या केल्या. आता फक्त सुना करा. त्या हसत उभ्या राहिल्या, सगळ्यांचं पाऊल मागे, त्याही जागच्या जागी डोलल्या. आता दोघी. पुन्हा रिंगण लांबलं, पुन्हा फिरलं. मी प्रज्ञाला शेजारी बसवून दाखवत होते, की ही प्रोटॉन, ती न्यूट्रॉन, बघ, नुसते न्यूट्रॉन, थरथर. बघ, दोघं. आता सांग, दोघं कशाला लागतात?

ती बराच वेळ फेर बघत राहिली. मग म्हणाली, "कळलं. एकजातीचे एकमेकांना नुसते धरून ठेवतात. दुसऱ्या जातीचा वढतो." आणि लगेच पुढचा प्रश्न, "पन लई जोरात फिरवलं तं काय होतं?"

मी तिला मिठीच मारली. म्हटलं, ते रोह्याला दाखवते.

पण रोह्याला दाखवायचं कसं? मी हिरावहिनींना विचारलं, हा फेर घेऊन कॉलेजात याल का. त्या नाही म्हणाल्या. फेर गौरीपुढेच धरायचा, ही रीत. आणि कॉलेज उघडणार ते विसर्जनानंतर. गौर गेली की फेर बंद, पुढल्या वर्षापर्यंत. बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. रीत म्हणजे रीत. मी नलिनीकडे बघितलं तर ती अंगणाच्या टोकाला उभी, पाठ फिरवून. वर्ग गेलाच, हे तिने मनाशी घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी गौर खाडीत पोचवली. परतताना बांधावर हिरावहिनी चालता चालता थांबल्या. त्यांनी मागे वळून नलिनीला बघितलं, रिकामं सूप हातात घेऊन येणारी, डोळे सुजलेली. मग सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गौर म्हंजे कोन? माहेरी आलेली लेकच ना? मग नलूताई कोन हाय? तिला मधी बसवू आन फेर धरू. कोनाची ना हाय काय?"

कोणाची ना नव्हती.

रोहे

टेम्पोत अठरा बायका, एक मी आणि चिवड्याचा डबा. नागोठण्याला अंबा नदी भरून वाहत होती, ती बघायला म्हणून टेम्पो थांबवला आणि चिवडा तिथेच संपला. रोह्याला पोचेपर्यंत लेकींनी आणि सुनांनी एकमेकींना गाण्यातून इतके टोमणे मारले होते की ड्रायव्हर हसून हसून गिअर चुकत होता.

कॉलेजचं सभागृह भरलं होतं. पेणचे ते शिफ्टवाले वडीलही आले होते, बहुधा पुढचं अंडं बघायला. प्राचार्य पहिल्या रांगेत. प्रज्ञाचे वडील दाराशी उभे, आत न येता. मधोमध खुर्ची ठेवली आणि तीवर नलिनीला बसवलं, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट. हिरावहिनींनी तिला हळदीकुंकू लावून तेरड्याची एक डहाळी तिच्या केसांत खोचली. तिथेच नलिनी रडायला लागली. गौर रडत नाही गो, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

मी फार बोललेच नाही. एवढंच सांगितलं, की मधली ही भरलेली पंगत, शांत, गोल. बाहेरच्या ह्या लेकी प्रोटॉन आणि ह्या सुना न्यूट्रॉन. बघा. आधी लेकी उभ्या राहिल्या, डोलल्या. मग सुना, त्याही डोलल्या. मग दोघी मिसळल्या, हिरावहिनींनी आवाज उचलला आणि फेर लांबून भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरायला लागला. मी म्हटलं, फिरणारं अणुकेंद्र हळू होताना पायरी पायरीने गॅमा किरण सोडतं आणि त्या पायऱ्या मोजून आम्ही ही चाल ओळखतो. माझं आयुष्य ह्या पायऱ्या मोजण्यात गेलं, पण नाच मी पहिल्यांदा परवा पाहिला.

मग मी प्रज्ञाचा प्रश्न सगळ्यांसमोर ठेवला, जोरात फिरवलं तर? गाणं चढलं, पावलं चढली, बांगड्यांचा नुसता कल्लोळ. आणि ठरलेलं नव्हतं ते झालं. एवढ्या वेगात दोन सुनांना हात धरवेनात, त्या फेरातून सुटल्या आणि आत शिरून त्यांनी एकमेकींशी फुगडी धरली. त्या दोघी भिंगरीसारख्या गरगरू लागल्या आणि मोठा फेर मंदावला. बायकांना वाटलं बिघडलं. हिरावहिनी माझ्याकडे बघू लागल्या.

मी अक्षरशः उडी मारली. कारण हेच होतं. वेग फार वाढला की न्यूट्रॉनांची एक जोडी फुटते, फिरण्याचा मोठा वाटा स्वतःवर घेते आणि बाकीचं अणुकेंद्र हळू होतं. गॅमा किरणांच्या चढत्या पायऱ्या तिथे चक्क उलट्या वळतात. पहिल्यांदा ते मोजलं तेव्हा आम्हाला यंत्र बिघडलं असं वाटलं होतं. मी सांगितलं, बिघडलेलं काही नाही, फुगडी चालू आहे. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. शिट्ट्यासुद्धा आल्या. फिजिक्सच्या व्याख्यानाला शिट्ट्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

शेवटी फेराने नलिनीलाही खुर्चीवरून उठवून ओढून घेतलं. तेही बरोबरच, बाहेरच्यांच्या ओढीने मधला गाभाही हलतो. प्रज्ञा माझ्या शेजारी उभी राहून हे बारकाईने बघत होती. हिरावहिनी घामाने निथळत बाहेर आल्या, सरळ प्राचार्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माज्या प्रज्ञाचं नाव घाला ह्या वर्गात."

दाराशी उभे असलेले प्रज्ञाचे वडील काही म्हणणार, तेवढ्यात हिरावहिनींनी तिथूनच सांगितलं, की कंपनी कुठं पळून जात नाय, पोर आधी शिकंल. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि आत येऊन ते खुर्चीवर बसले. त्यांच्यामागे पेणचे शिफ्टवाले वडील उठले, मुलाचा दंड धरून. मग आणखी कोणी, मग आणखी. प्राचार्यांनी चष्मा पुसला आणि वर्ग चालू राहील असं उभं राहून जाहीर केलं. नलिनी आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडलो तेव्हा तिचा पांढरा कोट हळदीकुंकवाने माखलेला होता.

टेम्पो परत निघाला तेव्हा आतून नवं गाणं ऐकू आलं.

"एक आली पोरटान गो, एक आली नूटरान,
दोघींच्या गो हातानं फिरतंय सारं रान."

आता वर्ग जोरात चालला आहे, बाकं कमी पडली म्हणून केमिस्ट्रीकडून आणलीत असं नलिनी सांगते. प्रज्ञा पहिल्या बाकावर बसते आणि नलिनीला दर तासाला एक तरी प्रश्न विचारून घाम फोडते. हे ऐकून मला जो आनंद होतो तो माझ्या कुठल्याच शोधनिबंधाने दिला नाही.

परवा हिरावहिनींचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "पुढल्या गौरीला तुमची जागा धरून ठेवलीय हां मॅडमबाय."

मी विचारलं, "ओट्यावर?"

"ओट्यावर कशाला? फेरात. दोन सुनांच्या मधी. तुमी आता लेक हाय."

मी नुसतं हो हो म्हटलं आणि फोन ठेवून तशीच बसून राहिले. पुढल्या वर्षी मी जाणार. महालक्ष्म्यांचं जाऊबाईंना सांगायचं तेवढं राहिलंय.